कळलावीची वेल



श्रावणात कुंपणावर ज्वाळेसारखी पिवळी-तांबडी फुले दिसतात, त्या कळलावीविषयी मी दोन शब्द सांगणार आहे. पानांच्या टोकांनी विळखे घालीत ही वेल वर चढते. कोणी तिला खड्यानाग म्हणतात. कंद नांगरासारखा, म्हणून संस्कृतात ती लांगली.

बाळंतपण अडले की पूर्वी हा कंद उगाळून लेप देत. ‘कळ लावणारी’ हे नाव त्यावरूनच पडले. आज कोणी हा उपाय सुचविला, तर सहाण बाजूला ठेवावी आणि बाईला तडक दवाखान्यात न्यावे.

कंदात व बियांत कोल्चिसिन असते. गाऊट या सांधेदुखीवर डॉक्टर त्याची अर्ध्या मिलिग्रॅमची गोळी देतात. बियांसाठी तामिळनाडूत या वेलीची शेतीही होते. पण कंदात औषध किती, हे सहाणेवर कळत नाही. रताळे समजून तो खाल्ला, तर काही तासांनी उलट्या-जुलाब सुरू होतात आणि जीवही जातो. म्हणून त्रासाची वाट न पाहता, उरलेला कंद बरोबर घेऊन रुग्णालय गाठावे.

मुलांना फूल जरूर दाखवा, कंदाचे विषही सांगा. वेलीत औषध आहे खरे. पण त्याचे माप आपल्या घरात नाही.