परसबाग काढू नका, पिंपं घासा
(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



२५ वर्षांचं कौतुक सगळ्यांनी केलंच आहे, मी सरळ मुद्द्यावर येतो. पुढच्या सभेत इमारतीमागची परसबाग काढून तिथं पेव्हिंग ब्लॉक टाकायचा ठराव येणार आहे. कारण काय, तर डास. गेल्या पावसाळ्यात आपल्याकडं दोघांना डेंगी झाला, तेव्हा भीती खरीच आहे. पण मी नोकरीभर गावोगाव डासांच्या अळ्या शोधत हिंडलेला माणूस. बागेवरचा हा आळ मला पटत नाही.

डेंगीचा डास, म्हणजे एडिस, वाफ्यातल्या ओल्या मातीत वाढत नाही. त्याला साठलेलं पाणी लागतं: पिंप, टाकी, कूलर, फ्रिजमागचा ट्रे, टाकून दिलेला टायर, कुंडीखालची बशी. अंडी पाण्याच्या रेषेजवळ भांड्याच्या आतल्या कडेला चिकटतात आणि पाणी आटलं तरी कित्येक महिने टिकतात. म्हणून नुसतं पाणी ओतून भागत नाही, कड ब्रशनं घासावी लागते. अंड्यापासून उडता डास व्हायला उबेत आठ-दहा दिवस पुरतात. आठवड्याचा कोरडा दिवस त्यासाठीच. धुराची फवारणी उडत्या डासांपुरती, पिंपातल्या अळ्यांचं ती काही बिघडवत नाही. आणि हा डास दिवसा चावतो, तेव्हा बाळ दुपारी झोपलं तरी मच्छरदाणी लावा.

आता बाग. माघ-फाल्गुनात भेंडी, गवार, चवळी, काकडी लावली की उन्हाळाभर भाजी. काकडी, दोडका मांडवावर चढवा. आळ्यात पाणी एवढंच द्या की ते लगेच जिरेल. बागेत खरा दोष एकच, कोपऱ्यातलं ते उघडं पिंप! डिंभे धरण एवढं जवळ, तरी नळ दिवसाआड येतो म्हणून आपण ते भरून ठेवतो. त्याला जुन्या धोतराचं फडकं दोरीनं घट्ट बांधा. हौदात गप्पी मासे सोडा. झेंडूच्या वासानं डास पळतात असं काही वहिनी म्हणतात. लावा की झेंडू, देवाला फुलं होतील. डासांसाठी मात्र ब्रशच.

येत्या शनिवारी सकाळी ८ वाजता मी ब्रश घेऊन बागेत उभा असेन. घरटी एक माणूस यावा, मुलंही चालतील. पिंपात वळवळणाऱ्या अळ्या त्यांना बॅटरीच्या उजेडात दाखवतो. ठरावावर मत त्यानंतर द्या.