होडीला खिडकी हवी, पण निघणारी

(मच्छीमार मंडळींपुढे केलेले भाषण)



आज आपण होडीच्या खिडकीविषयी बोलणार आहोत. विषय लहान वाटेल. पण दर्यात लहान गोष्टीवर माणसाचा जीव अवलंबून असतो, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको.

आपल्या कोकण किनाऱ्यावरची लहान होडी डोळ्यांपुढे आणा. पंचवीस-तीस फुटांची होडी. तिच्यावर लहानशी केबिन. पुढे काच, डोक्यावर छप्पर, आणि दोन्ही बाजू उघड्या. उघडी बाजू सोयीची असते. जाळ्यावर नजर राहते. खलाशाने हाक मारली की तांडेलाला ऐकू येते.

पण पौष-माघातली पहाट आठवा. जमिनीवरून मतलई वारा सुटलेला असतो. होडी चालू लागली की लाटेचे पाणी बाजूने आत उडते. चाकावरचा माणूस भिजतो. मोबाइल भिजतो, वायरलेस भिजतो. गारठलेल्या हाताला चाक नीट धरवत नाही. कुडकुडणाऱ्या माणसाचे ध्यानही ठिकाणावर राहत नाही.

मग लोक काय करतात? कोणी ताडपत्री बांधतो. कोणी प्लायवूडचा तुकडा खिळ्यांनी ठोकून टाकतो. वारा थांबतो खरा, पण बाजूचे दिसणेही थांबते. समुद्रावर बोटी कशा चालवाव्या याचे नियम १९७२ सालच्या आंतरराष्ट्रीय करारात ठरले आहेत. त्यांतला पाचवा नियम सांगतो की, प्रत्येक बोटीवर डोळ्यांनी आणि कानांनी सतत पहारा ठेवला पाहिजे. आता ताडपत्रीतून डोळा पाहणार कसा?

तेव्हा आरपार दिसेल अशी खिडकी हवी. ती घरी करता येते. गावचा सुतार मदतीला असला म्हणजे झाले. पण आमचे सांगणे एकच आहे. ती कायमची बसवू नका. ती आतून, एका हाताने, हत्यार न घेता निघाली पाहिजे. असे का? याला तीन कारणे आहेत.

पहिले कारण, बाहेर पडायची वाट. एसटीत तुम्ही पाटी वाचली असेल, 'संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग'. होडीच्या केबिनला असा मार्ग म्हणजे तिच्या उघड्या बाजू. होडी कलंडली तर विचार करायला वेळ मिळत नाही. केबिनमध्ये पाणी भरते. वर कुठे आणि खाली कुठे, हे कळेनासे होते. अंगातले लाइफ जॅकेट माणसाला वर उचलते. पण उलट्या होडीत 'वर' म्हणजे होडीचा तळ! तिथून बाजूने निसटावे लागते. बाजू मोकळी असेल तर माणूस निसटतो. बाजू खिळ्यांनी बंद असेल तर त्या केबिनचा पिंजरा होतो. म्हणून लाइफ जॅकेट घालू नये काय? छे! ते घातलेच पाहिजे. पण वाटही मोकळी ठेवली पाहिजे.

दुसरे कारण, वारा. वारा दुप्पट झाला की त्याचा दाब दुप्पट होत नाही, चौपट होतो. तीन फूट लांब आणि दोन फूट उंच अशी एक खिडकी घ्या. तासाला ३६ किलोमीटर वेगाचा वारा तिला सुमारे ४ किलोच्या जोराने ढकलतो. तोच वारा ७२ किलोमीटरचा झाला की जोर सुमारे १६ किलोचा होतो. एका बाजूला अशा दोन खिडक्या असतील तर ३२ किलो. आणि हा जोर पाण्याजवळ नाही, वर केबिनच्या उंचीवर लागतो. उंच ठिकाणी ढकलले की होडी लवकर कलते. म्हणून वारा वाढला की खिडक्या उतरवता आल्या पाहिजेत.

तिसरे कारण, धूर. धावत्या जीपची मागची बाजू उघडी असली की रस्त्याची धूळ मागूनच आत येते. पाहिले आहे ना? होडीचेही तसेच होते. पुढची आणि बाजूची वाट बंद, मागची उघडी. मग इंजिनाचा धूर मागून केबिनमध्ये ओढला जातो. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. आधी डोके दुखते, चक्कर येते, मळमळते. माणसाला वाटते, बोट लागली. तो आत जाऊन पडतो, आणि तिथेच बेशुद्ध होतो. पेट्रोलच्या मशीनमध्ये हा वायू जास्त असतो. डिझेलचे मशीनही त्यातून सुटलेले नाही. बंद केबिनमध्ये स्टोव्ह पेटवला तरी हाच धोका. म्हणून खिडक्या लावल्या असताना पुढून थोडी हवा आत यायला जागा ठेवा. हवा पुढून येऊन मागे गेली की धूर बाहेर राहतो. कोणाचे डोके दुखू लागले तर पहिली गोष्ट, खिडक्या काढा आणि त्याला मोकळ्या हवेत आणा.

आता खिडकी कशी करायची ते पाहू.

साधी काच वापरू नका. ती फुटली की तिच्या सुऱ्या होतात. अ‍ॅक्रिलिक किंवा पॉलिकार्बोनेटचे पारदर्शक पान घ्या. आम्ही सांगितलेल्या मापाचे ४ मिलिमीटर जाडीचे अ‍ॅक्रिलिक पावणेतीन किलोच्या आत भरते. तेवढीच काच साडेपाच किलो भरेल. पॉलिकार्बोनेट अधिक चिवट असते. हातोडीनेही ते सहज फुटत नाही. पण त्यावर चरे लवकर पडतात. रंगीत पान मात्र घेऊ नका. दिवसा ते बरे वाटते, रात्री त्यातून काही दिसत नाही.

माप घेताना डोळ्यांवर विसंबू नका. होडीची डावी आणि उजवी बाजू सारखी दिसली, तरी सारखी असतेच असे नाही. जुन्या होडीचे खांब थोडे कललेले असतात. जाड पुठ्ठा घ्या. तो जागेवर धरून बरोबर कापा. त्यावर लिहा, 'डावी १', 'डावी २', 'उजवी १'. आता तुम्हाला लिहिता येते, त्याचा उपयोग करा. हीच अक्षरे पुढे चौकटीवर रंगाने घाला. अंधारात घाईत चुकीची खिडकी चुकीच्या जागी लावण्याचा घोळ होणार नाही.

चौकट सागवानाची करा. पुठ्ठ्याच्या मापापेक्षा ती चारी बाजूंनी ३ मिलिमीटर लहान ठेवा. खाऱ्या हवेत लाकूड फुगते. घट्ट बसवलेली खिडकी कोरड्या दिवशी निघते आणि नेमकी ओल्या दिवशी अडकते. चौकटीच्या आतल्या अंगाला खाच पाडा आणि पान त्या खाचेत बसवा. खाचेतही थोडी जागा सोडा. गार पहाटेपासून कडक उन्हापर्यंत तीन फुटी अ‍ॅक्रिलिक दीड-दोन मिलिमीटर वाढते. जागा नसली तर ते वाकते किंवा तडकते. खालच्या खाचेला दोन भोके ठेवा, म्हणजे आत गेलेले पाणी निघून जाईल. स्क्रू पितळेचे किंवा स्टेनलेस स्टीलचे घ्या. लोखंडी स्क्रू गंजून चौकट खातो.

आता बसवणी. हेच खरे महत्त्वाचे काम. केबिनच्या उघड्या जागेत, बाहेरच्या कडेला, चारी बाजूंनी लाकडी पट्टी मारा. पट्टीवर रबर चिकटवा. चौकट आतून त्या पट्टीला टेकेल. खाली दोन खुंट्या ठेवा. चौकटीला खालून दोन भोके पाडा आणि ती खुंट्यांवर उभी करा. वर दोन फिरक्या लावा. फिरकी म्हणजे घरच्या कपाटाला असते तशी फिरती लाकडी पट्टी. मात्र ती अशी लावा की, तिचे जड टोक आपल्या वजनाने खाली लोंबेल आणि चौकट अडवील. मग इंजिनाच्या हादऱ्याने ती आपोआप उघडणार नाही. दोन्ही फिरक्या आडव्या केल्या की खिडकी मोकळी. चौकटीच्या वरच्या पट्टीला लाल किंवा पिवळ्या पट्ट्याची मूठ करा. ती आत ओढली की खिडकी हातात येते. लांब दोरी ठेवू नका, ती पायात अडकते.

एवढा खर्च जमत नसेल तर दुसरी रीत आहे. बाजारात मऊ पारदर्शक प्लास्टिक मिळते. त्याच्या कडेला जाड कापड शिवा. हे काम आमच्या भगिनी शिवणयंत्रावर सहज करतील. दोरा नायलॉनचा घ्या, सुती दोरा कुजतो. हा पडदा खांबाला दोरीने बांधू नका. ओली गाठ बोटांनी सुटत नाही. मोठी टिचबटणे लावा, एका हिसक्यात निघतात. काम झाले की पडदा गुंडाळून ठेवा, घडी घालू नका. घडीवर तो चिरतो. उन्हाने दोन-तीन वर्षांत तो पिवळा आणि कडक होतो. तेव्हा तो बदला.

खिडक्या तयार झाल्या. लगेच दर्यात न्याव्या काय? नाही. होडी किनाऱ्यावर ओढलेली असतानाच परीक्षा घ्या. डोळे मिटा. एका हाताने खांब धरा. दुसऱ्या हाताने खिडकी काढा. तोंडाने पाच अंक मोजून होईपर्यंत ती निघाली पाहिजे. मग अंगात लाइफ जॅकेट घाला आणि त्या वाटेने बाहेर या. अंग अडकले तर वाट लहान आहे. ती मोठी करा. ही परीक्षा एकट्या तांडेलाने देऊन भागत नाही. होडीवरच्या प्रत्येक खलाशाने द्यावी. नवा पोरगा कामावर आला तर पहिल्या दिवशी त्याच्याकडून करून घ्या.

वापरताना चार गोष्टी पाळा.

एक. वाऱ्याकडची खिडकी लावा, आडोशाकडची काढा. पाणीही अडेल आणि वाटही उघडी राहील. उलटे करू नका. उलटे केले तर वारा केबिनमध्ये शिरून पलीकडच्या खिडकीला शिडासारखा ढकलतो.

दोन. खाडीच्या तोंडावर, जिथे लाटा फुटतात, तिथे शिरण्याआधी दोन्ही बाजू मोकळ्या करा. घटकाभर भिजलात तर काही बिघडत नाही.

तीन. काढलेली खिडकी मोकळी टाकू नका. जुन्या गोधडीची पिशवी शिवून तिच्यात ठेवा आणि पिशवी बांधून ठेवा.

चार. वाळलेले मीठ कोरड्या फडक्याने पुसू नका, चरे पडतात. आधी गोडे पाणी घाला, मग मऊ फडके फिरवा. पेट्रोल किंवा थिनर लावू नका. त्याने अ‍ॅक्रिलिकला बारीक तडे जातात.

आणखी एक सांगतो. खिडकी थंडीसाठी आहे, वादळासाठी नाही. ११ नोव्हेंबर २००९ रोजी फयान चक्रीवादळ आपल्या किनाऱ्यावर आले. पावसाळा संपला होता, होड्या दर्यात होत्या. काही माणसे परत आलीच नाहीत. म्हणून खिडकी लावली, आता भय नाही, असे कोणी समजू नये. इशारा आला की होडी बंदराकडे वळवावी. संकट आले तर तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक केबिनमध्ये मोठ्या अंकांत लिहून ठेवावा.

मंडळी, पावसाळ्यात होड्या वर ओढलेल्या असतात. जाळी विणता विणता हे काम होऊन जाईल. आधी एका बाजूची एकच खिडकी करा. तिची परीक्षा घ्या. शेजाऱ्याला दाखवा. त्याने काही सुधारणा सुचवली तर ती ऐका. मग बाकीच्या करा. नारळी पौर्णिमेला नारळ वाहून होडी पाण्यात घालाल, तेव्हा खिडक्याही तयार असतील.

खिडकी लावता सगळ्यांनाच येते. ती क्षणात काढता आली पाहिजे, एवढे मात्र विसरू नका. घरची माणसे किनाऱ्यावर वाट पाहत असतात.