पडद्यावरील आंकडा

एक्स्कॅव्हेटरचा, लोकांच्या तोंडीं पोकलेनचा, अजस्र बाहु तेलाच्या दाबानें हलतो. पण त्या तेलावर हुकमत असते बारीक विद्युत्-तारांची. तेथें बिघाड झाला कीं चालकापुढील पडद्यावर आंकडे उमटतात. जे-१९३९ या प्रचलित संकेतांत पहिला आंकडा मंडल सांगतो, दुसरा दोषाची जात: ३ म्हणजे व्होल्टेज अवाजवी चढलेलें, ४ म्हणजे उतरलेलें, ५ म्हणजे प्रवाह खुंटलेला, ६ म्हणजे बेसुमार वाढलेला.

मात्र आंकडा मंडल दाखवितो, गुन्हेगार नव्हे. तेलाचा दाब मोजणाऱ्या सेन्सरला बहुधा ५ व्होल्ट मिळतात. त्याचें उत्तर ०.५ ते ४.५ व्होल्टच्या दरम्यान असावें. तें शून्यावर आलें कीं उतावळा कारागीर सेन्सरच बदलतो (यांत घाई करणाऱ्या ठेकेदाराचा वांटा मोठा). पैसे जातात, आणि आंकडा पुन्हा हजर!

जाणता कारागीर बकेट जमिनीवर टेकवितो, इंजिन बंद करतो, आणि आधीं जोडणींतील पाणी, गंज व सांध्यापाशीं घासलेली तार पाहतो. नंतर शेजारच्या तशाच सेन्सरशीं प्लगांची अदलाबदल करतो. तक्रार दुसऱ्या मंडलावर सरकली, तर दोष सेन्सरचा. पूर्वीच्याच मंडलावर राहिली, तर तारेचा, क्वचित् नियंत्रकाचा.