वजनाचे औषध आणि घराचा जमाखर्च
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



पंडित भातखंडे यांनी १९२६ साली ज्या लखनौ नगरीत संगीताचे महाविद्यालय उभे केले, त्या नगरीतील मराठी मंडळाच्या सुवर्णमहोत्सवात 'वजन उतरविण्याच्या औषधाचा खर्च' या विषयावर व्याख्यान व्हावे, याचे काहींना नवल वाटले असेल. चिटणीसांनी हा विषय सुचविला तेव्हा मलाही ते वाटले. मी वैद्य नाही. कला शाखेचा साधा पदवीधर असून माझी नोकरी सरकारी नियम आणि बिले वाचण्यात गेली आहे. चिटणीस म्हणाले, "औषधाचे गुण सांगावयास डॉक्टर आहेत. बिल कोणी भरावयाचे हे सांगणारा हवा आहे." यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते, म्हणून मी आपल्यापुढे उभा आहे.

या प्रश्नाची निकड मला गेल्या वर्षभरात चांगलीच जाणवली. आरती आटोपल्यावर, प्रसादाचा द्रोण हातात असताना, कोणी बाजूला घेऊन हलक्या आवाजात विचारतात : "ते आठवड्याला एक इंजेक्शन म्हणतात, ते विम्यात बसते का हो?" मधुमेहाच्या गोळीविषयी आपण मोठ्याने बोलतो, वजनाच्या औषधाविषयी मात्र कुजबुजतो. गावाकडे अशा वेळी घरचे डॉक्टर असतात, मामा-काका असतात. येथे परमुलखात तो आधार नाही, आणि कुजबुजीत घेतलेला निर्णय बहुधा महाग पडतो.

प्रथम औषधाविषयी आवश्यक तेवढेच सांगतो. जेवणानंतर आपल्या आतड्यांतून एक संप्रेरक स्रवते. ते मेंदूस तृप्तीचा निरोप देते, जठर रिकामे होण्याची गती मंद करते आणि रक्तातील साखर वाढली असता इन्शुलिन स्रवण्यास साहाय्य करते. त्या संप्रेरकाची नक्कल करणारी ही औषधे होत. त्यांपैकी सेमाग्लुटाइड हे 'वेगोव्ही' या नावाने जून २०२५ मध्ये भारतात आले. त्याआधी मार्च २०२५ मध्ये 'मौंजारो' या नावाने टिर्झेपटाइड आले होते; ते अशा दोन संप्रेरकांचे काम करते. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांचे वजन ६८ आठवड्यांत सरासरी सुमारे १५ टक्के उतरले. मळमळ, उलटी, पोटाच्या तक्रारी हे त्रासही अनेकांना झाले. औषध परिणामकारक आहे, यात शंका नाही. म्हणूनच पैशाचा प्रश्न खरा ठरतो. निरुपयोगी वस्तूच्या किमतीची चिंता कोणी करीत नाही.

आपल्या पूर्वजांनाही हा रोग ठाऊक होता. चरकसंहितेत अतिस्थूल मनुष्याची गणना आठ 'निंदित' पुरुषांत केली आहे, आणि त्याची चिकित्सा कृश मनुष्याच्या चिकित्सेहून कठीण असल्याचेही सांगितले आहे. सुश्रुताच्या मेदोरोगावरील वर्णनाचा धागा धरून आधुनिक काळात गुग्गुळाचे संशोधन झाले, आणि त्या कार्यात या लखनौचाच मोठा वाटा आहे. छत्तर मंझिलमध्ये १९५१ साली सुरू झालेल्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेने गुग्गुळापासून रक्तातील चरबी कमी करण्याचे औषध सिद्ध केले व १९८० च्या दशकात ते बाजारात आले. पुढे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका चाचणीत त्याचा लाभ दिसला नाही, ही गोष्टही सांगितली पाहिजे. परंतु चरकाचा तो 'निंदित' शब्द मनात ठेवावा, अशी माझी विनंती आहे. आजच्या विम्याच्या नियमांतही त्याची सावली पडलेली दिसते.

आता हे औषध कोणास हवे? वजनाचे किलो उंचीच्या मीटरांच्या वर्गाने भागले की जो आकडा येतो, त्यास देहभार-निर्देशांक म्हणतात. हा आकडा ३० किंवा अधिक असल्यास, अथवा २७ किंवा अधिक असून सोबत रक्तदाब, मधुमेह यांसारखा विकार असल्यास या औषधांचा विचार केला जातो. लग्नाआधी चार किलो उतरावेत एवढ्यासाठी ती नाहीत. मात्र केवळ या आकड्यावर विसंबूनही चालत नाही. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आपल्या एका इंग्रज सहकाऱ्यासह २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचेच उदाहरण प्रसिद्ध केले. दोघांचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३, परंतु इंग्रज गृहस्थांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! सडपातळ दिसणारा आपला मनुष्यही आतून मेदस्वी असू शकतो. याच कारणास्तव भारतीय तज्ज्ञांनी २००९ साली आपल्यासाठी स्थूलतेची मर्यादा ३० ऐवजी २५ धरली, आणि कमरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही धोक्याची खूण ठरविली. तात्पर्य, निर्णय तज्ज्ञ डॉक्टरांनी करावयाचा. आरशाने किंवा शेजारणीने नव्हे.

आता किमतीकडे वळू. मौंजारो आले तेव्हा अडीच मिलिग्रॅमच्या कुपीची किंमत ३,५०० व पाच मिलिग्रॅमच्या कुपीची ४,३७५ रुपये होती. आठवड्यास एक कुपी, म्हणजे चार आठवड्यांचा खर्च १४,००० ते १७,५०० रुपये. वेगोव्हीच्या सर्वांत लहान मात्रेस आरंभी महिन्याला १७,३४५ रुपये पडत. नोव्हेंबर २०२५ मध्ये ती किंमत सुमारे १०,८५० वर आणण्यात आली. तुलनेसाठी सांगतो : २०१६ पासून केंद्र सरकारची किमान मूळ पेन्शन, महागाईची वाढ वगळता, ९,००० रुपये ठरली. घटविलेल्या किमतीचे एक महिन्याचे औषधही तीत बसत नव्हते.

किंमत उतरण्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या वस्तूवर पेटंट न देता केवळ कृतीवर दिले. त्यामुळे आपल्या कारखान्यांनी निराळ्या कृतीने तीच औषधे स्वस्तात तयार केली. जागतिक व्यापार कराराप्रमाणे २००५ पासून वस्तूवरील पेटंट पुन्हा आले. सेमाग्लुटाइडच्या भारतातील पेटंटाची मुदत मार्च २०२६ पर्यंतची होती. त्यानंतर भारतीय कंपन्यांना मार्ग मोकळा झाला. म्हणून मागील वर्षी ऐकलेली किंमत प्रमाण मानू नये. दरवेळी डॉक्टरांना विचारावे की याच द्रव्याचे कमी किमतीचे औषध चालेल काय. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरील वस्तू व सेवा कर १२ वरून ५ टक्के झाला आहे, आणि वैयक्तिक आरोग्यविम्याच्या हप्त्यावरील १८ टक्के कर रद्द झाला आहे.

परंतु किमतीहून महत्त्वाची आहे ती मुदत. सेमाग्लुटाइडच्या ज्या चाचणीचा उल्लेख मी केला, तीत औषध थांबविलेल्यांच्या एका गटाचे पुढे निरीक्षण झाले. वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन-तृतीयांश परत आले. रक्तदाबाची गोळी थांबविली की रक्तदाब वाढतो, तसाच हा प्रकार आहे. तेव्हा हा खर्च लग्नखर्चासारखा एकदा करून मोकळे होण्याचा नाही. तो घरभाड्यासारखा आहे. महिना १०,८५० रुपये धरले तर वर्षाचे १,३०,२०० होतात आणि पाच वर्षांचे साडेसहा लाखांवर जातात. किंमत निम्म्यावर आली तरी सव्वातीन लाख राहतात. कोणी मुदतठेव मोडून सहा महिने औषध घेतले, पैसे संपले म्हणून थांबविले, तर वजन परत येते आणि ठेव मात्र परत येत नाही. यासाठी पहिली कुपी घेण्यापूर्वीच दुसऱ्या व तिसऱ्या वर्षाचा पैसा कोठून येणार, हे कागदावर मांडावे.

आता मुख्य प्रश्न : विमा. आपल्याकडील बहुतेक आरोग्यविमा रुग्णालयातील खाटेभोवती रचलेला आहे. रुग्ण दाखल झाला, तर खर्च मिळतो. घरी बसून घेतलेल्या औषधाचा सहसा मिळत नाही. दाखल होण्यापूर्वीची व नंतरची ठराविक दिवसांची औषधे मिळतात, पण तीही त्याच आजाराची. स्थूलतेविषयी विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ साली जे प्रमाणित कलम ठरविले, ते शस्त्रक्रियेपुरते आहे. त्यातील अटी अशा : डॉक्टरांचा सल्ला, वय किमान १८, निर्देशांक ४० किंवा अधिक; अथवा ३५ असून सोबत हृदयविकार, झोपेत श्वास अडखळण्याचा तीव्र विकार किंवा आटोक्यात न येणारा मधुमेह, आणि सौम्य उपाय निष्फळ झालेले. या अटी पूर्ण झाल्याखेरीज शस्त्रक्रियेचा खर्च मिळत नाही. म्हणजे पोटावर शस्त्रक्रिया करण्याइतका रोग वाढेपर्यंत वाट पाहावयाची, तेव्हा विमा धावून येणार. त्याआधीचे औषध मात्र स्वतःच्या खिशातून. चरकाच्या 'निंदित' शब्दाची सावली मला दिसते ती येथे. मनुष्याने जिभेवर ताबा ठेवला नाही, हा त्याचा दोष. दोषाचे पैसे कोण देईल, असा काहीसा हा विचार आहे. अमेरिकेतही वृद्धांच्या सरकारी विम्याच्या औषधयोजनेतून वजन कमी करण्याची औषधे २००३ च्या कायद्याने वगळण्यात आली. आता वारा थोडा फिरतो आहे. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२५ मध्ये स्थूलता हा दीर्घकालीन रोग असल्याचे सांगून प्रौढांसाठी या औषधांच्या दीर्घ वापरास सशर्त अनुकूल मार्गदर्शन दिले, आणि त्याचबरोबर किमतीची चिंताही व्यक्त केली.

आपल्यापैकी अनेक कुटुंबे १९५४ साली दिल्लीत सुरू झालेल्या केंद्र सरकारी आरोग्ययोजनेची, म्हणजेच सी. जी. एच. एस. ची, लाभार्थी आहेत. या योजनेत नित्याची औषधे मिळतात, हा तिचा खाजगी विम्याहून मोठा विशेष. परंतु ती वेलनेस सेंटरातून, तज्ज्ञांच्या चिठ्ठीवर मिळवावयाची असतात. आधी बाजारातून घेऊ आणि मागाहून बिल लावू, हा हिशेब येथे सहसा जुळत नाही. म्हणून खर्चापूर्वीच केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना चिठ्ठी दाखवून उत्तर घ्यावे, शक्यतो लेखी.

येथे एक नाजूक गोष्ट स्पष्ट बोलतो. सेमाग्लुटाइड हे द्रव्य एका नावाने मधुमेहासाठी व दुसऱ्या नावाने वजनासाठी विकले जाते. तेव्हा "डॉक्टरसाहेब, तेवढे मधुमेह असे लिहून द्या," असा मोह होतो. ज्यास खरोखर मधुमेह आहे, त्याने तो अवश्य नोंदवावा. तो त्याचा हक्क आहे. ज्यास नाही, त्याने खोटा रोग लिहवून घेऊ नये. सरकारी नोकराने खोटी मागणी करणे म्हणजे नोकरीवर गदा ओढवून घेणे आहे. आणि पुढे कधी विमा घेताना तो खोटा मधुमेह खऱ्या रोगासारखा आडवा येईल. तसेच विम्याच्या अर्जात वजन लपवू नये. आधीच्या आजारांसाठी प्रतीक्षेची मुदत २०२४ पासून अधिकाधिक तीन वर्षे करण्यात आली. तेवढी वाट पाहणे हे दावा नाकारला जाण्यापेक्षा केव्हाही बरे.

व्यवहाराच्या आणखी दोन गोष्टी. न वापरलेले इंजेक्शन २ ते ८ अंशांत ठेवावे लागते. लखनौचा ज्येष्ठ महिना, त्यात वीज गेलेली, आणि पुष्पक एक्सप्रेसने मुंबईपर्यंतचा दिवसभराचा प्रवास, हे सारे गृहीत धरूनच खरेदी करावी. एकदम तीन महिन्यांचा साठा करण्यात शहाणपण नाही. दुसरे असे की जागतिक आरोग्य संघटनेने जून २०२४ मध्ये बनावट सेमाग्लुटाइडविषयी इशारा दिला होता. म्हणून पक्की पावती व तीवर बॅच क्रमांक घेतल्यावाचून, आणि सौंदर्यगृहातून तर मुळीच, औषध घेऊ नये.

बंधुभगिनींनो, चौकातले हिवाळी मलाई-मक्खन आणि आपली श्रीखंड-पुरी या दोन्ही संस्कृतींचे आपण निष्ठावंत उपासक आहोत, आणि त्याची नोंद आपल्या कमरेवर झालेली आहे. चालणे, मोजके जेवणे यांना औषध हा पर्याय नाही. औषध घेणाऱ्यासही ते सुटत नाही. परंतु ज्याने प्रामाणिक प्रयत्न केले, ज्याचे गुडघे आणि हृदय थकले आहे आणि डॉक्टरांनी ज्यास औषध सांगितले आहे, त्याने ते चोरून घ्यावे, ही गोष्ट आपणा सर्वांना कमीपणा आणणारी आहे. घरातील स्त्रीच्या औषधाचा खर्च 'हौस' आणि पुरुषाच्या औषधाचा खर्च 'उपचार' असा भेदही मी काही घरी ऐकला आहे. तो जावा. जोवर आपणच या रोगास रोग म्हणत नाही, तोवर विमा कंपनी किंवा सरकार तसे म्हणेल, ही अपेक्षा व्यर्थ आहे.

म्हणून कार्यकारिणीपुढे एक सूचना ठेवतो. मंडळातील डॉक्टर व निवृत्त अधिकारी यांनी मिळून महिन्यातून एका रविवारी तासभर बसावे. कोणीही आपली चिठ्ठी, विम्याची पॉलिसी आणि घराचा जमाखर्च घेऊन यावे आणि निःसंकोच विचारावे. कागद वाचण्याचे काम मी आनंदाने करीन. प्रवासी माणसांचे घर व्हावे म्हणून हे मंडळ निघाले. अशा विषयावर मोकळेपणाने बोलण्यास घराखेरीज दुसरी जागा नसते.