बाजार मांडणारी मुले
(शिक्षक-संमेलनातील भाषण)



मी मुंबई उपनगरातील मरोळच्या एका बालवाडीत काम करते. आपण खेडोपाडी शिकविणारी मंडळी. शहरातील बालवाडीचा आपणांस काय उपयोग, असे कोणास वाटेल. परंतु मरोळ हेही मूळचे साष्टीतील एक गावच. त्याचे गावठाण अद्याप आहे, आणि येथील सुक्या मासळीचा बाजार तर प्रसिद्धच आहे. त्या बाजाराविषयीच मी बोलणार आहे.

मागील वर्षी आम्ही पंधरा दिवस 'बाजार' हा एकच विषय घेतला. मुले अडीच ते पाच वर्षांची. एक तरट, दोन टोपल्या आणि करवंट्यांचा तराजू एवढीच सामग्री. आंब्याची वाळलेली पाने म्हणजे बोंबील आणि चिंचेचा सुकलेला पाला म्हणजे जवळा! पहिल्या दिवशी 'तू कोळीण हो, तू गिऱ्हाईक हो' असे मीच वाटून दिले. मुले आज्ञेप्रमाणे उभी राहिली. खेळ मात्र झाला नाही. दुसऱ्या दिवशी एक मुलगी पानांचे वाटे लावीत बसली होती. मी तिला विचारले, "सांग पाहू, किती बोंबील झाले?" ती उठून निघून गेली.

तिसऱ्या दिवसापासून मी दूर बसू लागले. तीच मुलगी परत आली. तिने चार-चार पानांचे वाटे केले. शेवटच्या वाट्यास तीनच उरली. ती क्षणभर थांबली, अंगणात गेली, एक पान शोधून आणले आणि तेथे ठेवले. समान भाग, उणे, अधिक हे सारे त्या एका पानात आले. मी विचारून जे मिळाले नसते, ते न विचारता दिसले.

त्याच वर्गात कामगार वस्तीतील एक मुलगा होता. घरची भाषा भोजपुरी; महिनाभर तो एक शब्द बोलला नव्हता. बाजार भरला असता तो एकाएकी रांगत आला आणि एक बोंबील तोंडात धरून पळाला. तो मांजर झाला होता! कोळिणी 'हाड, हाड' करीत त्याच्यामागे धावल्या. भाषा न लागणारे काम त्याने आपले आपणच शोधले होते. ते मी त्याला नेमून देऊ शकले नसते.

रशियन मानसशास्त्रज्ञ व्हिगॉट्स्की यांनी १९३३ सालच्या व्याख्यानात काठीच्या घोड्याचे उदाहरण घेतले आहे. खेळात मूल वस्तूपासून तिचा अर्थ वेगळा करू लागते, असे त्यांचे म्हणणे. ज्याला पान हा बोंबील म्हणून चालतो, त्यालाच पुढे पाटीवरची रेघ हे अक्षर म्हणून चालेल.

आपल्याकडेही हा मार्ग जुनाच आहे. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे आणि १९५७ पासून कोसबाडला वारली मुलांमध्ये काम केले. महाग साधनांऐवजी परिसरातील शंख-शिंपले, बिया, पाने त्यांनी हाती घेतली. मुले येईनात तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. १९७५ च्या एकात्मिक बालविकास योजनेत अंगणवाडी हेच नाव देशभर गेले. आता २०२० च्या राष्ट्रीय धोरणाने तीन ते आठ वर्षांचा एकच पायाभूत स्तर मानला आहे. पहिलीच्या वर्गात खेळ जावयाचा, की बालवाडीत पाटी-पेन्सिल उतरावयाची, हे पुष्कळसे आपल्याच हाती आहे.

आपल्या गावी आठवड्याचा बाजार असेल, खळे असेल, एस. टी. चा थांबा असेल; तोच विषय घ्यावा. मात्र तीन वर्षांखालील मुलांच्या हाती चिंचोके देऊ नयेत, ते नाकातोंडात जातात. गुंजा तर कोणत्याच मुलास देऊ नयेत. त्या विषारी असतात.

त्या मुलाची आई एके दिवशी तक्रार घेऊन आली. "बाई, मी त्याला मांजर व्हायला पाठवते काय?" मी तिला सकाळभर बसावयास सांगितले. थोड्याच वेळात एक लहानगी कोळीण तिला म्हणाली, "मावशी, भवानी करा की!" ती हसली, खाली बसली आणि भाव विचारू लागली. मुलाला अक्षरे केव्हा शिकविणार, हे ती अजूनही दर आठवड्यास विचारते. पण घरची एक जुनी टोपली तिने बाजारासाठी आणून दिली आहे.