विवेक आणि स्वराज्य
(सुवर्णमहोत्सवानिमित्त मिरकरवाडा, रत्नागिरी येथील व्याख्यान)



मिरकरवाडा बंदर ज्या नगरीचे, त्याच रत्नागिरीत २३ जुलै १८५६ रोजी लोकमान्य टिळकांचा जन्म झाला. त्याच वर्षी कऱ्हाडजवळील टेंभू गावी गोपाळ गणेश आगरकर जन्मले. पुढे या दोन मित्रांत जो वाद पेटला, त्याच्या मुळाशी युरोपातील प्रबोधनकाळाचा एक प्रश्न होता : मनुष्याने कोणाच्या आज्ञेने चालावे?

राजा आणि धर्मपीठ यांचा शब्द अखेरचा मानण्याचा तो काळ. राज्याचा अधिकार प्रजेच्या संमतीतून येतो, असे जॉन लॉक याने प्रतिपादिले. माँतेस्क्यूने १७४८ मध्ये सत्तेच्या विभागणीचा विचार मांडला. कारण सारी सत्ता एका हाती गेली, की कोणाचेच स्वातंत्र्य सुरक्षित राहत नाही. स्वतः घातलेला नियम पाळणे हेच स्वातंत्र्य, असे रूसोने १७६२ मध्ये सांगितले. इमॅन्युएल कांटने १७८४ च्या निबंधात हा प्रश्न माणसाच्या मनापर्यंत नेला. बुद्धी असूनही ती वापरण्याचे धैर्य नसणे, हे त्याच्या मते माणसाने स्वतःवर ओढवून घेतलेले पोरपण होय.

या विचारवंतांचीही दृष्टी सर्वत्र पोहोचली नाही. रूसोने स्त्रीचे शिक्षण पुरुषाच्या सुखापुरते मानले. मेरी वुल्स्टनक्राफ्ट यांनी १७९२ मध्ये त्याला सडेतोड उत्तर दिले : विवेक स्त्रीलाही आहे, मग तिला निराळा न्याय का?

महाराष्ट्रात हीच कसोटी १८९१ मध्ये लागली. संमतिवयाच्या कायद्याने मुलींचे संमतिवय १० वरून १२ वर्षे झाले. परकीय सरकारने समाजाच्या आचारात कायद्याने हात घालू नये, सुधारणा लोकांच्या अंतःकरणातून यावी, ही टिळकांची भूमिका. ती क्षुद्र नव्हती. लादलेला नियम हितकर असला तरी ते स्वराज्य नव्हे. आगरकरांनी मात्र कायद्याचा पुरस्कार केला. ज्या बालिकेच्या जिवाचा प्रश्न, तिची संमती समाजाने कधी विचारली होती? समाजाचे स्वातंत्र्य म्हणजे घरातील दुर्बलावर बलवानाची सत्ता नव्हे. १८८८ मध्ये 'सुधारक' काढणाऱ्या या पुरुषाची पुण्यात जिवंतपणी प्रेतयात्रा काढण्यात आली. १८९५ मध्ये, वयाची चाळिशीही न गाठता, ते निवर्तले.

दोघांच्याही म्हणण्यात सत्यांश होता. विवेकाविना स्वराज्य आंधळे, आणि स्वराज्याविना विवेक पांगळा. अनेकांताचा वारसा लाभलेल्या समाजाला हे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या राज्यघटनेने प्रत्येक प्रौढ स्त्रीपुरुषाला मताचा अधिकार देऊन हे दोन धागे एकत्र गुंफले.

संस्थेच्या जीवनातही हीच कसोटी आहे. वार्षिक सभेत हिशेबाविषयी प्रश्न विचारणारा सभासद संस्थेचा वैरी नसतो. तो तिचा पहारेकरी असतो. त्याला मान देणारे विश्वस्त आणि उत्तर शांतपणे ऐकून घेणारा सभासद, या दोघांच्या बळावर संस्था टिकते. ज्येष्ठांचा आदर राखूनही त्यांच्याशी मतभेद व्यक्त करता येतो, हे तरुणांना आणि भगिनींना प्रत्यक्ष अनुभवता आले, तर पन्नास वर्षांची ही वाटचाल खऱ्या अर्थाने सुवर्णमयी ठरेल.

जय जिनेंद्र!