एकतीस जणी हरतात



संयोजकांनी मला ‘आमची मुलं काय करतात’ या विषयावर बोलायला सांगितलंय. माझी मुलगी सतरा वर्षांची आहे आणि तिला व्यावसायिक टेनिसपटू व्हायचंय. त्यामुळे सध्या आमच्या घरात जे चाललंय, तेच सांगते.

पहिल्या रांगेत आपले पी.टी.चे सर बसलेत. सर, मी नववीत असताना तुम्ही आमच्या घरी आला होतात, मला खो-खोच्या शिबिराला पाठवा म्हणून. बाबांनी तुम्हाला चहा दिला आणि ‘पुढच्या वर्षी दहावी आहे’ एवढंच म्हणाले. मी आठवडाभर त्यांच्याशी बोलले नव्हते. आज बाबांच्या जागी मी आहे.

टेनिस म्हटलं की आपल्याला विम्बल्डन दिसतं. २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनच्या मुख्य फेरीत पहिलाच सामना हरणाऱ्यालाही १ लाख २० हजार ऑस्ट्रेलियन डॉलर मिळाले. पण तिथे थेट प्रवेश साधारण पहिल्या शंभरातल्यांना. सुरुवात होते ती १५ हजार डॉलरच्या स्पर्धांपासून. हे पंधरा हजार सगळ्या खेळाडूंत मिळून वाटायचे. विजेतीला दोन हजारांहून थोडे जास्त, पहिल्या फेरीत हरणारीला दीडशेच्या आसपास. त्यात विमान, हॉटेल, कोच, फिजिओ आणि रॅकेटचं गटिंग. तार तुटायच्या आधीच मरते, हे मला चाळिशीत कळलं. क्रमवारीत नुसतं नाव यायला तीन स्पर्धांत गुण हवेत, नाहीतर एकूण दहा. मुख्य फेरीतला एक सामना जिंकला की एक गुण.

सुमित नागल देशाचा पहिल्या क्रमांकाचा खेळाडू होता, तेव्हा २०२३ मध्ये त्यानं सांगितलं होतं की खात्यात फक्त ९०० युरो उरलेत. पुढच्याच जानेवारीत त्यानं ऑस्ट्रेलियात ३१वं मानांकन असलेल्या बुब्लिकला हरवलं. लोक मला हे उदाहरण धीर द्यायला सांगतात. मला त्यातलं पहिलंच वाक्य ऐकू येतं.

पैशांपेक्षा मला जड गेलं ते हरणं. ३२ जणींच्या ड्रॉमध्ये आठवड्याच्या शेवटी ३१ जणी हरलेल्या असतात. आपण नापास होण्याला घाबरायचो, पण ते वर्षातून एकदा. ही पोरगी दर मंगळवारी नापास होते, बॅग भरते आणि पुढच्या गावी जाते.

मी सॉफ्टवेअरवाली, त्यामुळे खर्चाची एक्सेल फाइल ठेवली होती. एकदा तिनं ती उघडून पाहिली. मला काही बोलली नाही. पुढच्या स्पर्धेत तिसऱ्या सेटमध्ये ४-१ अशी पुढे असताना हरली. दुसरी सर्व्हिस जागेवर पडेचना. रात्री फोनवर म्हणाली, “आई, प्रत्येक डबल फॉल्टला मला ते आकडे दिसत होते गं.” आता फाइलला पासवर्ड आहे. पण आकडे तिला पाठ झालेत, त्याला काय करणार?

दुसरा रस्ता अमेरिकेतल्या कॉलेजचा. आपली ऋतुजा भोसले टेक्सासमध्ये शिकता शिकता खेळली आणि पुढे बोपण्णाबरोबर हांगझोच्या एशियाडमध्ये मिश्र दुहेरीचं सुवर्ण जिंकली. पण बारावीनंतर फार वेळ गेला, तर तिथे खेळायची वर्षं कमी होऊ शकतात. म्हणजे ठरवायचं ते याच वर्षी. मिस्टरांना कॉलेज हवंय. तिला सर्किट हवंय. मी सोमवारी एका बाजूला असते, गुरुवारी दुसऱ्या. सर, तुम्ही आज पुन्हा घरी आलात तर चहा मीच देईन, पण पुढचं वाक्य कुठलं म्हणेन, ते खरंच सांगता येत नाही.

गंमत म्हणजे, बाबा आता ऐंशीचे आहेत आणि नातीचा लाइव्ह स्कोअर फोनवर बघत बसतात. एक पॉइंट झाला की दुसरा दिसेपर्यंत चष्मा पुसतात. उद्या तिचा पात्रता फेरीचा सामना आहे. बाबांनी सकाळीच दोनदा विचारलं, “किती वाजता? कोर्ट कुठलं?” मला रात्रीची गाडी पकडायची आहे, त्यामुळे जेवणाला थांबता येणार नाही. राग मानू नका.